रात्रीच्या रस्त्यावरील मुलांना घर देणारा धर्मगुरू : फादर एडवर्ड फ्लॅनगन



गेल्या हिवाळ्यात केळापूर तालुक्यातील एका लहानशा गावी आम्ही कुटुंबप्रार्थनेसाठी गेलो होतो. रोझरी झाली, चहापाणी झाले आणि मग जमलेल्या माताभगिनींनी मनातील काळजी बोलून दाखविली. शाळा-कॉलेजात जाणारी मुले रात्री उशिरापर्यंत महामार्गाच्या कडेला, धाब्यांच्या आसपास, मोबाईलच्या उजेडात बसून राहतात. नागपूरहून आदिलाबादकडे जाणारा हा रस्ता रात्रभर जागा असतो. ट्रकांची वर्दळ आहे, दारू सहज मिळते, आणि वाघिणीच्या धास्तीने २०१८ साली या भागातील गावांनी दिवेलागणीलाच दारे कशी लावून घेतली होती, हेही कोणी विसरलेले नाही. काहींनी सुचविले की ग्रामसभेत ठरावच करून घ्यावा : अठरा वर्षांखालील मुलगा रात्री नऊनंतर रस्त्यावर दिसला, तर आईवडिलांना दंड. बहुतेकांनी माना डोलावल्या. कोपऱ्यात बसलेली एक विधवा माता मात्र काही वेळाने हळूच म्हणाली की कापसाच्या हंगामात ती स्वतःच जिनिंगवरून रात्री दहाला परतते, तोवर घराला कुलूप असते, म्हणून तिचा मुलगा रस्त्यावर बसतो. मग दंड तिने कोणत्या पैशांतून भरायचा?

तिच्या या प्रश्नावर त्या रात्री कोणालाच उत्तर सुचले नाही. आम्हालाही नाही. परतीच्या वाटेवर मात्र आम्हाला एका धर्मगुरूंचे स्मरण झाले. मुलांसाठी रात्रीची संचारबंदी ज्या शहराने सर्वप्रथम कायद्यात आणली असे मानले जाते, त्याच शहरात या धर्मगुरूंनी आपले आयुष्य वेचले आणि नेमक्या याच प्रश्नाचे उत्तर शोधले. ते म्हणजे फादर एडवर्ड जोसेफ फ्लॅनगन. त्यांचे जीवन आज आपण थोडक्यात पाहू या.

आपल्याकडील चिंता

तत्पूर्वी एक गोष्ट नमूद करणे अगत्याचे आहे. मुलांच्या वागण्याला समाजाने वेळेचे कुंपण घालावे, हा विचार आपल्याला परका नाही. आपल्याच यवतमाळ जिल्ह्यातील पुसद तालुक्यात बान्सी नावाचे गाव आहे. तेथील ग्रामसभेने नोव्हेंबर २०२२ मध्ये अठरा वर्षांखालील मुलांना मोबाईल वापरण्यास बंदी करणारा ठराव केला. सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव येथे त्याच वर्षाच्या ऑगस्ट महिन्यापासून संध्याकाळी सात वाजता भोंगा वाजू लागला, आणि पुढील दीड तास मोबाईल व टीव्ही बंद ठेवून मुलांनी अभ्यास करावा व मोठ्यांनीही त्यांना साथ द्यावी असे गावाने ठरविले. १९ मे २०२४ च्या पहाटे पुण्यातील कल्याणीनगरात सतरा वर्षांच्या मुलाने चालविलेल्या भरधाव मोटारीखाली दोन तरुण जीव गेले, तेव्हा अल्पवयीन मुले मध्यरात्रीनंतर कोठे व कोणाच्या परवानगीने फिरतात, हा प्रश्न साऱ्या महाराष्ट्राने विचारला.

केवळ किशोरवयीनांसाठी म्हणून रात्रीची कायमची संचारबंदी आपल्या राज्यात नाही. २०२०-२१ च्या कोरोनाकाळात आपण अनुभवली ती संचारबंदी लहानथोर सर्वांसाठी होती. परंतु मातापित्यांची काळजी खरी आहे, आणि ती थट्टेवारी नेण्यासारखी मुळीच नाही. म्हणूनच फादर फ्लॅनगन यांची कहाणी त्यांच्या कानी जावी असे आम्हास वाटते.

मेंढरे राखणारा अशक्त मुलगा

एडवर्ड फ्लॅनगन यांचा जन्म १३ जुलै १८८६ रोजी आयर्लंडमधील बॅलिमो गावाजवळील लीबेग येथे झाला. जॉन आणि होनोरा या शेतकरी दांपत्याच्या अकरा अपत्यांपैकी ते आठवे. जन्मतःच प्रकृती अत्यंत नाजूक असल्याने हे बाळ जगेल याची कोणालाच शाश्वती वाटत नव्हती. थोडे मोठे झाल्यावर, शेतीची जड कामे झेपत नाहीत म्हणून त्यांच्याकडे गुरेमेंढरे राखण्याचे काम आले. हातात पुस्तक घेऊन ते कुरणात बसत. चुकलेले मेंढरू शोधताना राखणदाराचा जीव कसा थाऱ्यावर नसतो, हे त्यांनी शुभवर्तमानात वाचण्याआधी कुरणातच अनुभवले होते. घरात संध्याकाळची प्रार्थना सर्वांनी मिळून करण्याचा रिवाज होता. दिवस मावळला की घरी यायचे, कारण घरी आपली वाट पाहणारे आहेत, एवढा साधा नियम त्या घरात होता. तो पाळायला शिपाई लागत नव्हता.

स्लायगो येथील शाळेतून शिक्षण पूर्ण करून १९०४ साली ते आपल्या बहिणीसह अमेरिकेस गेले. मेरीलँडमधील माऊंट सेंट मेरीज कॉलेजातून १९०६ मध्ये पदवी घेऊन त्यांनी न्यूयॉर्क येथील सेमिनरीत प्रवेश केला. परंतु फुफ्फुसांच्या दुखण्याने त्यांना अभ्यास सोडावा लागला. त्यांचे थोरले बंधू पॅट्रिक हे धर्मगुरू असून नेब्रास्का राज्यातील ओमाहा शहरात सेवा करीत होते. त्यांच्याकडे राहून एडवर्ड बरे झाले आणि पुढील शिक्षणासाठी रोमला गेले. तेथील हवाही मानवली नाही आणि पुन्हा परतावे लागले. धर्मगुरू होण्याची इच्छा बाळगणाऱ्या या तरुणाने मग ओमाहातील एका मांसप्रक्रिया कंपनीत हिशेबनीसाची नोकरी धरली. पाहणाऱ्यांना वाटले असेल, की हा विषय आता संपला. परंतु देवाची योजना निराळी होती. १९०९ मध्ये त्यांना ऑस्ट्रियातील इन्सब्रुक येथे पाठविण्यात आले. पर्वतातील कोरडी हवा त्यांना मानवली आणि २६ जुलै १९१२ रोजी त्यांना याजकदीक्षा मिळाली.

ज्या मनुष्याला स्वतः वारंवार अर्ध्या वाटेवरून परतावे लागले, तो पुढे अर्ध्या वाटेवर चुकलेल्या मुलांविषयी कधीही हताश झाला नाही, याचे आम्हास नवल वाटत नाही.

ओमाहा आणि तेथील घंटा

मिझुरी नदीकाठचे ओमाहा हे रेल्वेचे, गुरांच्या बाजाराचे आणि कत्तलखान्यांचे शहर. युरोपातून आलेले स्थलांतरित तेथे रोजगारासाठी लोटत होते. आईवडील दिवसरात्र कामावर आणि मुले रस्त्यावर, हे दृश्य नित्याचे झाले होते. वर्तमानपत्रे विकणारी, बूट पुसणारी, रेल्वेच्या आवारातून कोळसा वेचणारी ही मुले नागरिकांना धोकादायक वाटू लागली. १८८० साली ओमाहाने मुलांसाठी रात्रीची संचारबंदी लागू केली. अमेरिकेतील अशा प्रकारचा हा पहिला कायदा म्हणून नोंदला जातो. पाहता पाहता ही कल्पना देशभर पसरली. अनेक गावी ठरावीक वेळी घंटा वाजे आणि त्यानंतर एकटे फिरणारे मूल पोलिसांच्या हाती लागे. स्थलांतरितांची मुले आपल्या ताब्यात राहावीत, हा हेतूही त्यामागे होता.

कायद्यामागची काळजी सर्वस्वी खोटी नव्हती. रात्रीच्या रस्त्यावर मुलांना खरोखरच धोका होता. परंतु कायद्याने एक गोष्ट गृहीत धरली होती : घंटा वाजल्यावर प्रत्येक मुलाला परतण्यासाठी घर आहे, आणि त्या घरात कोणीतरी जागे आहे. ज्यांच्याबाबत हे खरे होते, ती मुले घंटेविनाही बहुधा परतत होती. ज्यांच्याबाबत ते खरे नव्हते, त्यांची रवानगी पोलीस चौकीत, तेथून न्यायालयात आणि तेथून सुधारगृहात होत होती.

फादर फ्लॅनगन १९१३ साली ओमाहातील सेंट पॅट्रिक धर्मग्रामात साहाय्यक धर्मगुरू म्हणून रुजू झाले. त्याच वर्षी २३ मार्च रोजी, ईस्टरच्या दिवशी, भयंकर चक्रीवादळाने शहराला तडाखा दिला. शंभरांहून अधिक माणसे दगावली आणि शेकडो कुटुंबे उघड्यावर आली. पुढे दुष्काळामुळे शेतमजूर कामाविना शहरात आले. या बेघर पुरुषांसाठी फादरांनी कामगारांची एक धर्मशाळा उघडली. तेथे अंथरूण मिळे, गरम जेवण मिळे. पहिल्या काही वर्षांत हजारो माणसे तेथे राहून गेली.

उशिरा आलेली समज

रात्री जेवण आटोपल्यावर फादर या पुरुषांजवळ बसत आणि त्यांच्या कहाण्या ऐकत. कोणी दारूच्या आहारी गेलेला, कोणी तुरुंग पाहून आलेला. ऐकता ऐकता त्यांच्या ध्यानात आले की बहुतेकांच्या आयुष्याची वीण बालपणीच उसवली होती. कोणाची आई लवकर गेली, कोणाच्या बापाने घर सोडले, कोणाला दहाव्या-बाराव्या वर्षी रस्ता हेच घर झाले. या वयात त्यांना आधार देणे चांगलेच होते, पण तो फार उशिरा मिळत होता. जी मदत चाळिशीत चालली आहे, ती बाराव्या वर्षी मिळाली असती तर?

हा विचार मनात घेऊन ते बाल न्यायालयात जाऊन बसू लागले. क्षुल्लक चोऱ्यांसाठी, शाळा चुकविल्याबद्दल, रात्री भटकल्याबद्दल मुलांना उभे केले जाई. फादरांनी न्यायाधीशांना विनंती करून काही मुले आपल्या देखरेखीखाली घेतली. संध्याकाळी कामाधामानंतर त्यांना ते भेटत, खेळवीत, सिनेमाला नेत. परंतु थोड्याच काळात त्यांना कळून चुकले की संध्याकाळची भेट पुरत नाही. भेट संपल्यावर मूल पुन्हा त्याच काळोखात जाते. त्याला रात्रीचा निवारा हवा आहे, सकाळी उठविणारे कोणी हवे आहे.

१२ डिसेंबर १९१७

महागुरुस्वामी हार्टी यांची अनुमती मिळताच फादरांनी नव्वद डॉलर उसने घेतले आणि शहराच्या मध्यवस्तीत एक जुने घर भाड्याने घेतले. हे पैसे देणारे त्यांचे मित्र, यहुदी धर्माचे वकील हेन्री मॉन्स्की असावेत, असे परंपरेने मानले जाते. १२ डिसेंबर १९१७ रोजी पाच मुलांसह हे घर सुरू झाले. काही मुले न्यायालयाने सोपविलेली, तर काही रस्त्यावरून आलेली. मदतीला धर्मभगिनी आल्या. त्या पहिल्या नाताळाला ताटात वाढण्यासारखे फारसे काही नव्हते. कोणीतरी देणगी म्हणून पाठविलेले खारवलेल्या कोबीचे पिंप, हीच त्या सणाची मुख्य मेजवानी होती, असे सांगतात. गोठ्यात जन्मलेल्या प्रभूच्या जयंतीला याहून साजेसा सण कोणता असणार?

काही महिन्यांतच मुलांची संख्या शंभरावर गेली. घर अपुरे पडले, दुसरे घेतले, तेही अपुरे पडले. शेजाऱ्यांच्या तक्रारी सुरू झाल्या. उनाड मुले आपल्या वस्तीत नकोत, असे अनेकांचे म्हणणे होते. शिवाय फादरांनी आरंभापासून एक नियम केला होता : मूल कोणत्याही वंशाचे वा धर्माचे असो, त्याला दार उघडे राहील. कॅथोलिक, प्रॉटेस्टंट, यहुदी, गोरी, काळी अशी सारी मुले एकाच पंगतीत जेवत. कातडीच्या रंगावरून पंगती वेगळ्या मांडण्याच्या त्या काळात ही गोष्ट अनेकांना सहन होत नव्हती. वंशद्वेष्ट्या संघटनेकडून त्यांना धमक्याही आल्या.

सार्वजनिक सुरक्षिततेला खरा धोका कोणापासून असतो, याचा एक भयंकर दाखला ओमाहाने याच सुमारास पाहिला. २८ सप्टेंबर १९१९ रोजी हजारोंच्या जमावाने न्यायालयाच्या इमारतीला आग लावली आणि विल ब्राऊन या कृष्णवर्णीय कैद्याला बाहेर ओढून ठार मारले. त्या जमावात तरुण मुलेही होती, परंतु ती एकटी नव्हती. वडीलधारी माणसे त्यांच्या बरोबरीने उभी होती. मुलांना रात्री घरी पाठविणारा कायदा शहरात चार दशकांपूर्वीच आलेला होता, पण द्वेषाला घरी पाठविणारा कायदा कोणापाशीच नव्हता. मुले मोठ्यांकडूनच शिकतात, हे फादर फ्लॅनगन यांचे मत अशा घटनांनी अधिकच दृढ झाले असले पाहिजे.

कुंपण नसलेले गाव

१९२१ साली शहराच्या पश्चिमेस सुमारे दहा मैलांवर ओव्हरलुक फार्म नावाची १६० एकरांची शेती घेण्यात आली आणि मुले तेथे राहावयास गेली. पुढे याच वसाहतीला बॉईज टाऊन, म्हणजे मुलांचे गाव, हे नाव मिळाले. शेती, गोठा, शाळा, कार्यशाळा, खेळाचे मैदान, प्रार्थनामंदिर सारे तेथे उभे राहिले. १९३६ मध्ये शासनाने त्यास स्वतंत्र गावाचा दर्जा दिला. त्या काळातील सुधारगृहांना उंच भिंती असत. फादरांनी आपल्या गावाभोवती भिंत वा तटबंदी घातली नाही. ज्याला जावेसे वाटेल त्याला रस्ता मोकळा होता. थांबावेसे वाटावे, असे जीवन आत निर्माण करणे हे आपले काम आहे, असे ते मानीत.

याचा अर्थ फादर शिस्तीच्या विरोधात होते, असा कोणी घेऊ नये. बॉईज टाऊनमध्ये उठण्याची, अभ्यासाची, कामाची, प्रार्थनेची आणि झोपण्याची वेळ ठरलेली होती. परंतु नियम चालविण्यात मुलांचाही वाटा होता. १९२० च्या दशकापासूनच मुले आपल्यातून महापौर आणि प्रतिनिधी निवडू लागली. मारहाणीला तेथे थारा नव्हता. भीतीने पाळलेला नियम भीती सरली की मोडतो, उलट आपण स्वतः मान्य केलेला नियम मनुष्य अंधारातही पाळतो, ही त्यांची धारणा होती. कोणतेही मूल मुळात वाईट नसते, वाईट असतात ते त्याच्या वाट्याला आलेले वातावरण, उदाहरणे आणि शिकवण, हा विश्वास त्यांनी जन्मभर जपला.

या विश्वासाची कसोटी १९३१ साली लागली. वॉशिंग्टन राज्यात बारा वर्षांच्या एका मुलाने चोरी करताना एका शेरीफचा गोळी घालून प्राण घेतला. त्या मुलाला प्रौढांच्या तुरुंगात जन्मठेप झाली. फादर फ्लॅनगन यांनी त्याला आपल्या हवाली करावे म्हणून तेथील राज्यपालांकडे धाव घेतली आणि देशभर जनमत जागविण्याचा प्रयत्न केला. राज्यपालांनी नकार दिला. फादर रिकाम्या हाताने परतले. मृत अधिकाऱ्याच्या कुटुंबाचे दुःख लहान होते, असे त्यांना वाटत नव्हते. परंतु बारा वर्षांच्या मुलाचे सारे आयुष्य बंद दाराआड घालविल्याने कोणीच अधिक सुरक्षित होत नाही, असे त्यांचे म्हणणे होते. संतचरित्रांत आपण यशाच्या गोष्टी अधिक वाचतो. ही अपयशाची गोष्टही तितकीच मोलाची आहे, कारण प्रयत्न करूनही दार उघडत नाही, हा अनुभव आपल्यापैकी अनेकांचा आहे.

कीर्ती आणि तिची किंमत

१९३८ मध्ये या कार्यावर बॉईज टाऊन याच नावाचा चित्रपट निघाला. फादरांची भूमिका करणारे नट स्पेन्सर ट्रेसी यांना ऑस्कर पारितोषिक मिळाले आणि तो पुतळा त्यांनी फादरांकडे पाठविला. नाव जगभर झाले, पण चित्रपट पाहून लोकांची अशी समजूत झाली की या संस्थेला आता कशाचीच ददात नाही, आणि देणग्या आटल्या. फादरांना पुन्हा झोळी घेऊन फिरावे लागले.

दुसऱ्या महायुद्धात जपानी वंशाच्या हजारो निरपराध अमेरिकन नागरिकांना छावण्यांत डांबण्यात आले. सार्वजनिक सुरक्षितता हेच कारण तेव्हाही पुढे करण्यात आले होते. फादरांनी अशा अनेक कुटुंबांना बॉईज टाऊनमध्ये काम आणि निवारा दिला. सुरक्षिततेच्या नावाखाली एखाद्या संपूर्ण समूहाकडे संशयाने पाहणे त्यांच्या मनाला कधीच पटले नाही.

१९४६ साली ते मातृभूमीस, आयर्लंडला गेले. तेथे त्यांचे जंगी स्वागत झाले. परंतु तेथील सुधारगृहे व औद्योगिक शाळा यांतील मुलांना होणाऱ्या शिक्षांविषयी कळल्यावर त्यांनी जाहीरपणे कठोर शब्दांत निषेध केला. यांतील बऱ्याच संस्था आपल्याच ख्रिस्तसभेतील धर्मसंघ चालवीत होते, ही गोष्ट त्यांना ठाऊक होती. त्यांनी तरीही मौन पाळले नाही. तेथील संसदेत मंत्र्यांनी त्यांचे म्हणणे उडवून लावले, वर्तमानपत्रांतून टीका झाली. तब्बल सहा दशकांनंतर, मे २००९ मध्ये, आयर्लंडच्या चौकशी आयोगाचा अहवाल प्रसिद्ध झाला आणि त्या संस्थांतून मुलांवर किती भीषण अत्याचार झाले, हे जगासमोर आले. फादर फ्लॅनगन यांचे वेळीच ऐकले असते तर किती बालके वाचली असती, हा प्रश्न धर्मगुरू या नात्याने आम्हास लाजेने खाली मान घालावयास लावतो. रस्त्यावरून उचललेले मूल ज्या दाराआड पोहोचते, ते दार रस्त्याहून सुरक्षित आहे की नाही, हे पाहणेही आपलेच कर्तव्य आहे.

अखेरचा प्रवास

युद्ध संपले तेव्हा जगभर लाखो मुले अनाथ झाली होती. अमेरिकन शासनाच्या विनंतीवरून फादर १९४७ मध्ये जपान व कोरियाला गेले आणि तेथील मुलांच्या स्थितीचा अहवाल त्यांनी राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांना सादर केला. पुढील वर्षी ऑस्ट्रिया व जर्मनीचा दौरा निघाला. बॉम्बवर्षावात उद्ध्वस्त झालेल्या बर्लिनमध्ये, १५ मे १९४८ रोजी, हृदयविकाराच्या झटक्याने त्यांचे देहावसान झाले. वय अवघे ६१ वर्षे. त्यांचे पार्थिव बॉईज टाऊनच्या प्रार्थनामंदिरात विसावले आहे. १७ मार्च २०१२ रोजी ओमाहाच्या महाधर्मप्रांतात त्यांच्या संतपदाच्या प्रक्रियेस प्रारंभ झाला, धर्मप्रांतीय चौकशीचा टप्पा २०१५ मध्ये पूर्ण झाला आणि कागदपत्रे रोमला पाठविण्यात आली. त्यांनी सुरू केलेल्या संस्थेत १९७९ पासून मुलींनाही प्रवेश मिळू लागला.

आपण काय करावे?

किशोरवयीनांवरील संचारबंदीचे पुढे काय झाले, हेही सांगावयास हवे. विसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेतील शेकडो शहरांनी असे कायदे पुन्हा आणले. २०१६ मध्ये संशोधकांनी त्यांविषयीच्या बारा अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध केला. अशा संचारबंदीने गुन्हे कमी होतात किंवा मुलांवरील अत्याचार घटतात, असे त्यात आढळले नाही. ओमाहाच्या त्या तरुण साहाय्यक धर्मगुरूने न्यायालयाच्या बाकावर बसून जे पाहिले होते, त्याहून हे फार निराळे नाही.

मग आपण काहीच करू नये का? तसे नव्हे. मूल रात्री नऊला घरी असावे, ही अपेक्षा योग्यच आहे. पण ठराव करण्यापूर्वी गावाने एक यादी करावी : नऊ वाजता कोणत्या घरांना कुलूप असते? कोणत्या घरात बाप पिऊन पडलेला असतो, म्हणून मूल बाहेर थांबते? कर्जापायी घरचा कर्ता पुरुष गमावलेली कुटुंबे आपल्या कापसाच्या मुलुखात किती आहेत, हे तुम्हाआम्हाला वेगळे सांगावयास नको. त्या घरांतील मुलांना दंडाची पावती देण्यापेक्षा दिवा लावलेली एक खोली द्यावी. धर्मग्रामाचे सभागृह, समाजमंदिर, शाळेचा वर्ग अशी एखादी जागा संध्याकाळी उघडी राहावी. तेथे एक विश्वासू प्रौढ व्यक्ती असावी, आणि ती व्यक्ती कोण आहे, मुलांशी कशी वागते, यावरही पालकांची नजर असावी. संकटातील वा निराधार मुलासाठी १०९८ हा दूरध्वनी क्रमांक आहे आणि प्रत्येक जिल्ह्यात बालकल्याण समिती आहे. बाल न्याय कायद्यानुसार अशा मुलाला पोलीस कोठडीत ठेवता येत नाही, हे आपल्या प्रत्येक धर्मग्राम मंडळाला ठाऊक असावे.

आणि ज्यांच्या घरी सर्व काही आहे, त्या पालकांनीही स्वतःस विचारावे. मुलाच्या हाती मोटारीची किल्ली देताना आपण त्याच्या संगतीला किती संध्याकाळी बसलो? कुलूप केवळ दारालाच असते असे नाही, दार उघडे असूनही घरातील माणसे एकमेकांना बंद असू शकतात. संध्याकाळची कुटुंबप्रार्थना, एकत्र जेवण आणि झोपण्यापूर्वी मुलाशी दोन मायेचे शब्द, एवढे जरी आपण पुन्हा सुरू केले, तरी घड्याळाचे बरेचसे काम हलके होईल.

केळापूर तालुक्यातील त्या गावी आम्ही पुढील महिन्यात पुन्हा गेलो. ठरावाची चर्चा अद्याप संपलेली नव्हती, आणि ती व्हावी तशी होऊ द्यावी असेच आम्ही सांगितले. मात्र त्या मातेच्या शेजारच्या घरी आता रात्री पडवीतील दिवा दहापर्यंत जळत असतो. मुलगा तेथे वही घेऊन बसतो. शेजारीण भाकरी थापता थापता त्याच्याशी बोलते. जिनिंगवरून आई आली की तो उठून तिच्याबरोबर घरी जातो. फादर फ्लॅनगन यांनी नव्वद डॉलरांत जे सुरू केले, त्याचेच हे लहानसे रूप आहे, असे आम्ही मानतो.

आपण प्रार्थना करू या : हे प्रभू येशू, तू शिष्यांच्या मधोमध एका बालकाला उभे केलेस. आमच्या गावांतील आणि शहरांतील प्रत्येक मुलाला रात्री परतण्यासाठी एक दार आणि त्या दाराशी वाट पाहणारे एक माणूस लाभो. ते माणूस होण्याची बुद्धी व धैर्य आम्हा सर्वांना दे. आमेन.